साडेबत्तीस तासांचा वाढदिवस

आमच्या घरी माझे वाढदिवस दोन. एक शाळेच्या दाखल्यावरचा, २९ नोव्हेंबर. दुसरा आईच्या हिशेबातला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. तारखेच्या वाढदिवसाला मैत्रिणी, वेफर्स, केक. तिथीच्या वाढदिवसाला सकाळी न्हाऊमाखू घालून औक्षण, आणि दुपारी पानात वांग्याचं भरीत, कांद्याची पात, बाजरीचे रोडगे. हा दुसरा थाट अर्थात माझ्यासाठी नसे. ती चंपाषष्ठी. खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र त्या दिवशी उठतं, चातुर्मासात बंद झालेलं कांदा-वांगं त्या दिवशी परत सुरू होतं, आणि मी नेमकी त्या धामधुमीत जन्माला आले. आजीला माझं नाव म्हाळसा ठेवायचं होतं. ते पत्रिकेपुरतंच राहिलं, हे आईचे माझ्यावर उपकार.

तिथी आणि तारीख यांचं जमणं कठीण. चंपाषष्ठी कधी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येते, कधी डिसेंबर निम्मा सरल्यावर. पण दर १९ वर्षांनी दोघी एकमेकींना गाठतात. २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षं यांत जेमतेम दोनेक तासांचा फरक. अथेन्सच्या मेटनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं. आईला मेटन माहीत नव्हता, पण एकोणीस, अडतीस, सत्तावन्न हे आकडे तिला पाठ होते. त्या वर्षी एकाच तेलात दोन पणत्या, असं ती म्हणायची. एखाद्या दिवसाचं मागेपुढे झालं तर ती ते चालवून घ्यायची.

सत्तावन्नाव्याला आई नव्हती. आणि मी पुण्यात नव्हते. मी अटलांटिक महासागरात होते, बेचाळीस फुटी शिडाच्या यॉटवर, कॅनरी बेटांवरून कॅरिबियन बेटांकडे निघालेली.

हा रस्ता मळलेला आहे. ग्रां कनारियातल्या लास पाल्मासहून सेंट लुशियापर्यंत सुमारे २७०० सागरी मैल. नोव्हेंबर उजाडला, वादळांचा हंगाम सरत आला, की युरोपातल्या शेकडो शिडाच्या बोटी व्यापारी वाऱ्यांच्या आधाराने पश्चिमेला निघतात. जुन्या दर्यावर्दींचा ठोकताळा असा, की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जायचं आणि मग उजवीकडे वळायचं. आमच्याही गॅलीत लोण्याची एक वाटी उघडी ठेवलेली होती. कप्तान डच, त्याला उपग्रहावरून हवामानाचे नकाशे मिळत होते, तरी तो रोज सकाळी त्या वाटीत बोट घालून बघायचा. त्याची बायको माझी जुन्या ऑफिसातली मैत्रीण. चौथा फ्रान्समधल्या ब्रिटनीचा, म्हणजे ब्रेतन पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा, बोट पोचवून द्यायची आणि पुढच्या बोटीवर चढायचं हाच ज्याचा धंदा. मी शिडाच्या होड्या चाळिशी उलटल्यावर मुंबई बंदरात शिकले. त्यामुळे या चौघांत सगळ्यात कच्ची मीच, आणि वयाने सगळ्यात मोठीही मीच.

शिडाच्या बोटीवर मोठं असण्याचा काही उपयोग नसतो. पाळी सगळ्यांना सारखी. रात्री तीन तास एकटीने कॉकपिटमध्ये बसायचं, हार्नेसचा हूक अडकवलेला, दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षितिजावर नजर फिरवायची, वारा, दिशा, शिडं बघायची, तासाला वहीत नोंद करायची. तीन तासांनी दुसऱ्याला हलवून उठवायचं. उठवताना आवाज चढवायचा नाही, कारण झोपेतल्या माणसाला मोठा आवाज म्हणजे संकट. झोप ही तिथली रोकड. चॉकलेट, कोरडे मोजे, गोड्या पाण्याची आंघोळ, सगळ्याची देवघेव होऊ शकते. पण झोप कोणी सहसा देत नाही.

पश्चिमेला जाणाऱ्या बोटीवर आणखी एक गोष्ट घडते, जी मी पुस्तकात वाचली होती पण अंगावर घेतली नव्हती. दिवस लांबतो. आमची बोट रोज दीडशे मैलांच्या आसपास कापायची. त्या अक्षांशावर ते झाले अडीच अंशांहून थोडे जास्त, म्हणजे साधारण दहा मिनिटं. आजच्या माध्यान्हीपासून उद्याच्या माध्यान्हीपर्यंत चोवीस तास दहा मिनिटं. ही दहा मिनिटं कुठेच दिसत नाहीत. घड्याळ आपलं चाललेलं असतं, सूर्य मात्र थोडा रेंगाळतो. अशी थेंबथेंब साठलेली मिनिटं काय करू शकतात, ते मॅगेलनच्या उरलेल्या माणसांना १५२२ च्या जुलैत कळलं. पृथ्वीला वळसा घालून ‘व्हिक्टोरिया’ हे जहाज केप व्हर्देच्या बेटांशी टेकलं, तेव्हा त्यांच्या वहीप्रमाणे बुधवार होता आणि किनाऱ्यावरची माणसं गुरुवार म्हणत होती. रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा चक्रावून गेला. तब्येत कायम ठणठणीत राहिल्याने त्याने एकही दिवस चुकवला नव्हता. वही बरोबर होती आणि किनाराही. ती बेटं आमच्या मार्गाच्या दक्षिणेला राहिली, पण तिकडून जाताना मला त्याच्या वहीची आठवण झाली, कारण माझ्याकडेही एक वही होती आणि तिच्यात मी वेगळाच हिशेब मांडत होते.

निघताना दादाने पंचांगाच्या पानाचा फोटो पाठवला होता. सोबत जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी आणि हुकूम: चंपाषष्ठी चुकवायची नाही. घरचे टाक त्याच्याकडे असतात, त्यामुळे हुकूम द्यायचा अधिकारही त्याचाच. पंचांगात सरळ होतं: २९ तारखेला षष्ठी, सकाळी अकराच्या सुमारास समाप्ती. तारीख आणि तिथी एकाच दिवशी. सत्तावन्नावं आईच्या शब्दाला जागलं होतं.

पण ते पंचांग पुण्याकडच्या सूर्योदयाचं. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. ते सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी भरतं. पुण्यात षष्ठी लागते त्याच क्षणी ती न्यूयॉर्कला लागते आणि अटलांटिकच्या मध्यावरही. मात्र दिवसाला नाव मिळतं ते उगवत्या सूर्याच्या वेळी जी तिथी असेल तिचं, आणि सूर्य काही सगळीकडे एकदम उगवत नाही. म्हणून तर अमेरिकेतली मराठी मंडळी तिकडचं वेगळं पंचांग बघतात, आणि म्हणून इकडची एकादशी कधी कधी तिकडे आदल्या दिवशी निघते. मी गणित मांडलं. षष्ठी लागत होती २८ ला, पुण्यातल्या दुपारी दीड वाजून गेल्यावर. आमचा २८ चा सूर्योदय व्हायचा बोटीच्या साडेसहाला, तेव्हा पुण्यात दुपारचे दोन. म्हणजे आमच्या सूर्याने षष्ठीला जेमतेम अर्ध्या तासाने गाठलं होतं. आणि २९ ला आमच्याकडे उजाडेपर्यंत षष्ठी संपून सप्तमी लागलेली. बोटीवरची चंपाषष्ठी २८ तारखेची होती.

एकोणीस वर्षं वाट बघून तिथी आणि तारीख एका दिवसात आल्या, आणि मी पश्चिमेला निघून त्यांना पुन्हा वेगळं केलं!

दादाला कळवलं. आमच्याकडे उपग्रहावरून छोटे संदेश पाठवायचं यंत्र होतं, अक्षरं मोजून लिहायला लागायची. त्याचं उत्तर आलं: ‘गुरुजींना विचारलं. जिथे आहेस तिथला सूर्योदय. वांगी आहेत का?’

वांगी होती. लास पाल्मासच्या वेगेटा भागातल्या जुन्या मंडईतून मी ती निवडून घेतली होती, काळी, तुकतुकीत, हाताला हलकी लागणारी. बोटीवर ताजी भाजी जाळीच्या झोळीत टांगून ठेवतात, म्हणजे आपटून मऊ पडत नाही. प्रत्येक वांगं वर्तमानपत्रात गुंडाळून मी रोज फिरवून ठेवत होते. कोबी महिनाभर दम धरतो, हिरवे टोमॅटो सावकाश पिकतात, वांगी मात्र आठवड्यानंतर सुरकुततात. कप्तानाला मी या वांग्यांवर नजर ठेवून का आहे हे कळत नव्हतं. मी सांगितलं, आमचा देव वाट बघतोय. त्यावर त्याने काही विचारलं नाही. समुद्रावरची माणसं देवाच्या बाबतीत फार प्रश्न विचारत नाहीत.

भरताचं वांगं विस्तवावर भाजल्याशिवाय भरीत होत नाही, हे माझं ठाम मत आहे. ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला मी भरीत म्हणत नाही. बोटीची शेगडी दोन खुंट्यांवर झुलते. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते, म्हणजे खरं तर शेगडी स्थिर असते आणि तुम्ही, भिंती, छत, सगळं तिच्याभोवती डुलत असतं. वारा मागून आला की शिडाची बोट डावीउजवीकडे अखंड लोळते. मी कमरेला पट्टा अडकवला, जो आचाऱ्याला गॅलीत उभं राहण्यासाठी असतो, आणि चिमट्यात देठ धरून वांगं आचेवर धरलं. साल तडतडली, काळी पडली, फुगली, एका ठिकाणी फुटून पाणी सुटलं आणि आचेवर चुर्र झालं. मग तो वास. घरी त्या वासाने भूक खवळते. बोटीवर जळका वास म्हणजे वायरिंग किंवा इंजिन. पाळी संपवून झोपलेला ब्रेतन पोरगा एका उडीत बाहेर आला, अंगात चड्डी आणि हातात अग्निशामक. मी त्याला वांगं दाखवलं. त्याने ते बघितलं, मला बघितलं, आणि अग्निशामक जागेवर लावून, न बोलता, कांदा चिरायला घेतला.

बाजरीचं पीठ पुण्याहून नेलं होतं. रोडगे मी केले नाहीत, भाकरीच थापली. परातीऐवजी भांडी धुवायच्या सिंकमध्ये पीठ मळलं, कारण सिंकला काठ असतो. लसूण, हिरवी मिरची, दाण्याचं कूट. कोथिंबीर केव्हाच संपली होती.

तळी भरायची म्हणजे पाच जण लागतात. ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी, पैसा ठेवायचा, पाचांनी ते धरून वर उचलायचं आणि गजर करायचा. आम्ही चार. पाचवा म्हणून आमच्या वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूला धरलं; त्याला कप्तानाने नाव दिलेलंच होतं आणि जेवणाशिवाय चोवीस तास काम करणारा तोच एक होता. ताम्हन नव्हतं, स्टीलची ताटली होती. खोबऱ्याऐवजी बदाम. समुद्रावरचा पहिला नियम, एक हात बोटीसाठी आणि एक स्वतःसाठी. म्हणून प्रत्येकाने एका हाताने काहीतरी घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने ताटली उचलली. मी त्यांना ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ शिकवलं होतं. डच जिभेला ‘ळ’ काही जमला नाही. ब्रेतन पोराचा ‘येळकोट’ मात्र असा खणखणीत आला, की जेजुरीच्या पायरीवर कोणी मागे वळून पाहिलं नसतं.

भंडारा उधळला तो वाऱ्याने मागून ढकलून पुढे नेला. शिडावर, दोरांवर, कप्तानाच्या पांढऱ्या डेकवर, कप्तानाच्या दाढीत. त्याचा चेहरा मी बघितला. पांढरं डेक हे यॉटवाल्याचं काळीज असतं. हळद उन्हात उडते, मी म्हणाले, चार दिवसांत खूण राहणार नाही. ते खरंच होतं. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही, आमच्याकडे हळदीचे डाग उन्हातच घालवतात. पण त्या क्षणी त्याला ते खरं वाटत नव्हतं.

बोटीच्या घड्याळात साडेचार झाले होते. पुण्यात मध्यरात्र, तारीख बदलली. यंत्र टिंग-टिंग वाजू लागलं: दादा, वहिनी, मुलगा, आणि एक मैत्रीण जी दर वर्षी बारा वाजेपर्यंत जागून सगळ्यात पहिला संदेश पाठवण्याची शर्यत लावते. पुण्यात २९ नोव्हेंबर. बोटीवर चंपाषष्ठी, आकाशात षष्ठीचा चंद्र. त्या संध्याकाळी तिथी आणि तारीख जुळल्या खऱ्या, फक्त एक पुण्यात होती आणि एक माझ्याकडे.

रात्री कप्तानाच्या पुस्तकांच्या फळीवर मी समुद्रातले वाढदिवस शोधले. फ्रान्सिस चिचेस्टरने १७ सप्टेंबर १९६६ रोजी ‘जिप्सी मॉथ’वर एकट्याने पासष्टी साजरी केली: चांगली विजार, काळे बूट, स्मोकिंग जॅकेट, शॅम्पेन. बो-टाय घरी राहिल्याची हळहळ त्याने लिहून ठेवली आहे. बघायला चिटपाखरू नाही आणि माणूस बो-टायसाठी हळहळतो, मला हा इंग्रज त्याक्षणी फार आवडला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची तिशी १७ मार्च १९६९ ला अटलांटिकमध्ये भरली. त्याचा रेडिओ बंद पडलेला, नोव्हेंबरात न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी दिसल्यानंतर त्याचा पत्ता नव्हता. तिशी भरलेला माणूस आहे की नाही हेच त्या दिवशी कुणाला सांगता आलं नसतं. आपला अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २०१३ च्या जानेवारीत केप हॉर्न ओलांडून आला, आणि ५ फेब्रुवारीचा त्याचा वाढदिवस दक्षिण अटलांटिकमध्ये गेला, एकट्याचा, न थांबता केलेल्या प्रदक्षिणेच्या मध्येच. मी या मंडळींच्या पासंगालाही पुरणार नाही. माझ्याकडे तिघं जण होते आणि भरीत होतं.

मैत्रिणीने स्टीव्हन्सनची गोष्ट काढली. ‘ट्रेझर आयलंड’वाला सामोआत राहत असताना त्याने १८९१ मध्ये आपला १३ नोव्हेंबरचा वाढदिवस रीतसर दस्तऐवज करून ॲनी आइड नावाच्या मुलीला देऊन टाकला, कारण ती ऐन नाताळात जन्मली होती आणि तिला स्वतंत्र वाढदिवस असा कधी मिळतच नव्हता. तुझ्याकडे तर दोन आहेत, मैत्रीण म्हणाली, एक दे कुणाला तरी. मी नाही म्हणाले. सणाच्या दिवशी जन्मलेल्या मुलीचं दुःख मला चांगलं माहीत आहे. पण त्यावर माझ्या आईने दस्तऐवज न करता तोडगा काढला होता, आणि त्यातला कुठलाच अर्धा मी सोडणार नव्हते.

२९ तारीख त्या मानाने साधी. केक झाला; बोट ज्या बाजूला जास्त लोळत होती त्या बाजूला तो उंच आणि दुसरीकडे बसका. मेणबत्ती खालीच पेटवली, वर वाऱ्याने टिकली नसती. डेकवर सकाळी दोन उडणारे मासे मरून पडलेले सापडले, ते पोराने तळले. दुपारी एक छोटा स्क्वॉल आला, काळ्या ढगाखालून धावत येणारा वारा आणि पाऊस. शीड आखडून घेतलं, आणि साबण घेऊन चौघं डेकवर उभे राहिलो. गोड्या पाण्याची अंघोळ ही त्या दिवसाची सगळ्यात महागडी भेट, आणि ती सगळ्यांना मिळाली. भंडारा मात्र पावसाने धुतला नाही, उलट दोरांच्या पिळात आणखी खोल बसला. कप्तानाने तिकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, तुझ्यासाठी माझीही एक भेट आहे. आम्ही साडेसदतीस अंश पश्चिमेच्या आसपास आलो होतो. दर पंधरा अंशांना बोटीचं घड्याळ एक तास मागे घेतात. कधी घ्यायचं ते कप्तान ठरवतो. रोज साठलेली ती दहा-दहा मिनिटं अशी एकदम हातात पडतात. बहुतेक बोटींवर हे दुपारी करतात, म्हणजे कुणाच्या रात्रीच्या पाळीवर अन्याय होत नाही. त्याने ठरवलं, आज रात्री अकराला घड्याळ दहावर न्यायचं. २९ नोव्हेंबर पंचवीस तासांचा. पुण्यातल्या मध्यरात्रीपासून मोजला तर माझा वाढदिवस साडेबत्तीस तासांचा होणार होता. इतकी मोठी भेट मला आजवर कुणी दिलेली नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

मग पोराने भिंतीवरचा पाळ्यांचा तक्ता वाचला. नऊ ते बारा, माझी पाळी. म्हणजे भेटीचा तास माझ्याच डोक्यावर, पाळी चार तासांची. मैत्रीण म्हणाली, वाढदिवस आहे, मी घेते तुझी पाळी. पोरगाही म्हणाला, मी घेतो. कप्तान दाढीतला भंडारा खाजवत गप्प बसला होता. घड्याळ दुपारी बदलायला हवं होतं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मी कुणालाच घेऊ दिली नाही. साडेबत्तीस तासांतला हा एकच तास कुठल्या पंचांगात नव्हता, दादाच्याही नाही. मी जाकीट चढवलं, थर्मासात चहा भरला, उरलेलं भरीत एका भाकरीत गुंडाळून खिशात टाकलं, आणि नऊ वाजता वर जाऊन हार्नेस अडकवला. अकरा वाजले, घड्याळाचा काटा दहावर आणला, आणि वहीत एकाखाली एक दोन ओळी लिहिल्या, दोन्हींपुढे वेळ तीच: २२.००, २२.००. वारा पूर्वेचा, वेग सतरा नॉट्स. शेऱ्याच्या रकान्यात पहिल्या ओळीपुढे ‘चहा’ लिहिलं, दुसऱ्या ओळीपुढे ‘भरीत’.